उंचीचा रकाना

शिवांजलीला इकॉनॉमेट्रिक्सची गोडी लागली ती साताऱ्यात, एम.ए. करताना. वर्गातल्या बाकीच्या मुलींनी सोपा म्हणून ग्रामीण विकासाचा पेपर घेतला होता. हिनं इकॉनॉमेट्रिक्सचा, म्हणजे अर्थशास्त्राला गणित लावण्याचा, घेतला तेव्हा मैत्रिणींनी कपाळाला हात लावला. पुस्तकात रिग्रेशनला ‘प्रतीपगमन’ असा जड शब्द होता आणि तो उच्चारतानाच निम्म्या वर्गाची बोबडी वळायची. पण शिवांजलीला त्यात काहीतरी वेगळंच दिसलं. पाऊस, खत, बियाणं, मशागत अशा दहा गोष्टी शेतात एकदम घडत असतात आणि पीक मात्र एकच हाती येतं. त्या दहांतली कुठली गोष्ट पिकाला खरंच वाढवते आणि कुठली नुसती सोबतीनं चालत असते, हे आकड्यांतून वेगळं काढता येतं असं तिला कळलं, आणि तिला वाटलं, हे तर आपल्या गावाला केव्हाच पाहिजे होतं.

तिचं गाव डोहगाव, सांगली जिल्ह्यातलं, कृष्णेच्या अगदी कुशीत. वडील मानसिंग पलटणीतून सुभेदार होऊन घरी आलेले. पेन्शन होती, घर बांधलेलं होतं, खाण्यापिण्याची ददात नव्हती. त्यांचं दुखणं निराळंच होतं. नदीकडेची अडीच एकर मळी ही त्यांच्या घराची शान. त्यांच्या वडिलांच्या काळात तिथला ऊस असा माजायचा की फडात शिरलेला माणूस हाक मारूनच शोधावा लागे. जम्मू, सिलिगुडी, जोधपूर, जिथं बदली होईल तिथं मानसिंग त्या रानाच्या गोष्टी सांगायचे. बराकीतल्या बिहारी-पंजाबी जवानांनासुद्धा डोहगावच्या मळीचा पत्ता पाठ झाला होता.

आणि निवृत्त होऊन घरी आले तेव्हा रानाला मीठ फुटलेलं.

सगळ्या शिवाराला वर्षानुवर्षं पाटाचं पाणी पाजलेलं. खालचं पाणी वर चढत आलं, येताना जमिनीतले क्षार घेऊन आलं. सकाळची उन्हं पडली की सरीवर पांढरं पीठ सांडल्यासारखं दिसायचं. ऊस गुडघ्याएवढा व्हायचा, पिवळा पडायचा आणि तिथंच थांबायचा. मानसिंगनी हिरवळीचं खत म्हणून धैंचा पेरून गाडला, जिप्सम टाकलं, ट्रॉल्या भरभरून शेणखत ओतलं. रान जणू तोंड शिवून बसलं होतं.

म्हणून शिवांजलीनं पीएच.डी.ला विषय घेतला तो हाच. सांगलीच्या एका कॉलेजात डॉक्टर सुमंत म्हणून प्राध्यापक होते, ते मार्गदर्शक झाले. साताऱ्यात ती तासिका तत्त्वावर शिकवायची आणि सुट्टी मिळाली की एसटी धरून सांगली नाहीतर डोहगाव गाठायची. काही शेतकऱ्यांनी जमिनीखाली सच्छिद्र पाइप पुरून घेतले होते. रानातलं खारं पाणी त्या पाइपातून झिरपून ओढ्याला जावं अशी योजना. त्यानं जमीन सुधारते का, आणि सुधारत असली तर कुणाची किती, एवढाच तिचा प्रश्न होता.

माहिती गोळा करायला दोन उन्हाळे गेले. आजूबाजूच्या आठ-दहा गावांतली दोनशेच्या वर रानं तिनं पायाखाली घातली. मानसिंग स्वतः मोटारसायकल चालवायचे आणि मागं शिवांजली मांडीवर मातीच्या पिशव्या घेऊन बसायची. लोक चेष्टा करायचे.

“काय सुभेदार, पोरीला माती गोळा कराय शिकीवलं व्हय?”

“तुमच्या रानाचं डाक्टर हाय ती,” मानसिंग म्हणायचे. “नाडी बगतीय. हात फुडं करा.”

एखाद्या विहिरीच्या कडेला, आंब्याखाली, दोघं भाकरी सोडून बसायचे. मानसिंग तिला विचारायचे की एवढी माती तपासून पुढं काय करणार, आणि ती त्यांना बोटांनी धुळीत ठिपके काढून दाखवायची. हा एक शेतकरी, हा दुसरा. ह्या ठिपक्यांच्या मधून एक रेघ ओढायची, सगळ्यांना जवळात जवळ जाईल अशी. मानसिंग मान डोलवायचे. त्यांना निशाणा लावायचं कळत होतं, त्यामुळे रेघ कळत होती. लेकीच्या लहानपणी ते घरी नव्हते. ती पलटणीतली सगळी वर्षं ते त्या दोन उन्हाळ्यांत भरून काढत होते.

सॉफ्टवेअर ती स्वतःच शिकली. ‘आर’ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, काळ्या अक्षरांत आज्ञा लिहायच्या आणि खाली उत्तर उमटायचं. सरावासाठी त्यात तयार माहिती असते, परदेशी मोटारींच्या मायलेजची. शिवांजलीनं आयुष्यात चारचाकी चालवली नव्हती. पण त्या गाड्यांचं वजन, इंजिन, गिअर हे रकाने ती आत-बाहेर करत बसायची. एक रकाना घातला की दुसऱ्याचा गुणांक बदलतो, तिसरा काढला की पहिल्याचा जोर वाढतो, हे तिच्या हाताला समजायला लागलं. कुठले रकाने ठेवायचे आणि कुठले टाकायचे, ह्यालाच मॉडेल निवडणं म्हणतात. एम.ए.ला शिकवणाऱ्या शकुंतला मॅडम सांगायच्या की मॉडेल निवडताना यंत्राला विचारा, पण निवाडा त्याच्यावर सोपवू नका. त्याला रकाने दिसतात, रान दिसत नाही.

मग तिनं आपली माहिती भरली. पहिल्यांदा अगदी साधं मॉडेल केलं. एकीकडे एकरी उतारा, दुसरीकडे पाइप आहेत की नाहीत, जमिनीची क्षारता, खत, उसाची जात. उत्तर आलं. पाइप असलेल्या रानाचा उतारा भरघोस वाढत होता आणि हा नुसता योगायोग असण्याची शक्यता नगण्य होती. ती खुर्चीतनं उठली, कॉलेजच्या व्हरांड्यात आली आणि तिथनंच तिनं घरी फोन लावला.

“तात्या, पाइपानं रान सुदारतंय. लय फरक हाय. आकड्यात आलंय.”

 पलीकडं मानसिंगनी घसा साफ केला.

“आपली मळी बी?”

“सगळ्यांचा मिळून हिशोब हाय, तात्या. आपली बी त्यातच आली की.”

त्यांनी फोन ठेवला आणि तसेच भाऊसोंच्या घरी गेले. भाऊसो म्हणजे गावातले वजनदार बागायतदार, उंच माळाच्या अंगाला त्यांची जमीन. पाइप घालायचे तर एकट्यानं घालून उपयोग नाही, सगळ्या शिवाराचा एक निचरा संघ करावा, असं त्यांच्या डोक्यात कधीपासून होतं. खालच्या अंगाचे शेतकरी तेवढे हलत नव्हते. आता सुभेदार स्वतः खालचे, आणि त्यांची पोरगी शिकलेली. पंधरवड्यात संघ उभा राहिला. मानसिंग त्याचे उपाध्यक्ष झाले.

इकडं शिवांजली सवयीप्रमाणे मॉडेल तपासत होती. मॉडेलनं सांगितलेला उतारा आणि प्रत्यक्षातला उतारा यांतली तफावत तिनं ठिपक्यांत काढून बघितली. ठिपके कसेही विखुरलेले असायला हवेत. इथं एक पुंजका सगळा खाली लोंबत होता. ही अशी रानं होती की जिथं मॉडेल बऱ्यापैकी पीक सांगत होतं आणि आलेलं होतं अगदीच थोडं. तिनं एकेक नाव उघडून बघितलं. हरणाबाईचं रान. शेजारच्या दिग्विजयचं. त्यांची स्वतःची मळी. नदीकडेच्या एकूणएक मळीतली माणसं. आजूबाजूच्या गावांत अशा खोलगट रानात ज्या थोड्यांनी पाइप घातले होते, त्यांचंही काही भलं झालेलं नव्हतं.

तिच्या लक्षात आलं की आपण रानाची उंची मोजलेलीच नाही.

पुन्हा ती डोहगावला आली. गवंडी पातळी बघायला वापरतात ती पाण्याची लांबलचक नळी तिनं पैदा केली, मोबाइलवर जागेच्या खुणा घेतल्या आणि ओढ्याच्या तळापासून प्रत्येक रान किती उंच ते मोजत निघाली. नळीचं दुसरं टोक धरायला मानसिंगच होते. ते खुशीत होते. “धरलं बग, सांग तुजं,” असं लांबून ओरडायचे आणि नळीतलं पाणी डुचमळायचं थांबेपर्यंत सावधानमध्ये उभं राहिल्यासारखे ताठ उभे राहायचे. आपल्या मळीवर आले तेव्हा त्यांचं टोक किती खाली गेलं ते शिवांजलीनं बघितलं. तिनं आकडा लिहून घेतला.

उंचीचा रकाना मॉडेलात घातला आणि आधीचं सगळं कोसळलं. पाइपाचा फायदा होता, पण तो उंचावरच्या रानांनाच. तिथलं पाणी पाइपातून ओढ्याला उतरत होतं. खालच्या रानांना ओढाच उंच पडत होता. पावसाळ्यात कृष्णा फुगली की ओढ्याचं पाणी उलटं फिरायचं. पाणी जाणार कुठं? पाइप बहुतेक वरच्या लोकांनीच घातलेले होते, म्हणून पहिल्या मॉडेलात सगळं श्रेय पाइपाला गेलं होतं. त्या श्रेयातला मोठा वाटा उंचीचा होता.

तिनं मॉडेल उलटंपालटं केलं. उंचीचा वर्ग घालून बघितला, लॉग घेऊन बघितलं, गावागावाचा फरक वेगळा काढला, संशयास्पद रानं वगळली, पुन्हा घातली. खरं सांगायचं तर ती आता अभ्यास करत नव्हती, विनवण्या करत होती. एखादं तरी मॉडेल असं सापडावं की ज्यात खालच्या रानाला पाइपाचा चिमूटभर फायदा दिसेल. यंत्र प्रत्येक वेळी बिनतक्रार नवीन उत्तर द्यायचं आणि प्रत्येक उत्तराचा अर्थ तोच असायचा. खालच्या रानाला, शून्य.

डॉक्टर सुमंत माणूस वाईट नव्हते. सांगलीतल्या जुन्या मास्तर घराण्यातले, मृदू बोलणारे, निवृत्तीला आलेले. विद्यार्थ्यांना घरी बोलावून कॉफी पाजायचे. शिवांजलीनं दोन्ही मॉडेलं त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी चष्मा वर सरकवून दोन्ही निवांत वाचली.

“उंची कशानं मोजलीस?”

“पाण्याच्या नळीनं, सर.”

“गवंड्याच्या?” ते हसले, पण कुत्सित नव्हे. “अगं, कुठला परीक्षक हे मान्य करेल? मोजमापातली चूक केवढी असेल याचा अंदाज आहे का तुला? शिवाय उंची आणि नदीपासूनचं अंतर, दोन्ही एकच गोष्ट सांगतायत. एकमेकांना चिकटलेले रकाने आहेत. एक काढावाच लागेल.”

“मग अंतर काढू या, सर. उंची ठेवू.”

“अंतर सरकारी नकाशावरून घेतलंय. ते पक्कं आहे.” त्यांनी स्वतः माउस हातात घेतला आणि आपोआप रकाने निवडणारी आज्ञा चालवली. पाइप आणि उंची मिळून होणाऱ्या परिणामाचा रकाना, ज्यात वरच्या आणि खालच्या रानांचा फरक दिसला असता, तो त्यांनी मुळात घातलाच नव्हता. यंत्रानं एक फेरी केली, दुसरी केली, आणि उंची बाहेर पडली. “बघ. मी नाही काढलं. मॉडेल जितकं आटोपशीर तितकं चांगलं, हे तुला शकुंतलाबाईंनी शिकवलं असेलच.”

“पण सर, ह्या खालच्या रानांचं काय? ही चूक एकाच बाजूला पडतेय. माझ्या वडिलांचं रान आहे त्यात.”

“तेच सांगतोय मी,” सुमंत शांतपणे म्हणाले. “आपलं रान त्यात असलं की माणसाला तेवढंच दिसायला लागतं. तू सरासरी बघ. सरासरीत पाइपाचा फायदा आहे की नाही?”

आहे, असं तिला म्हणावं लागलं. कारण ते खोटं नव्हतं.

त्या आठवड्यात ती गावी गेली. मानसिंग मळीतच होते. पाइप कुठनं कसे जाणार त्याच्या खुणेच्या काठ्या त्यांनी रोवल्या होत्या, एका ओळीत, परेडला उभ्या केल्यासारख्या. शिवांजली बांधावर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. उंची, ओढा, उलटं फिरणारं पाणी. ते ऐकत होते आणि हातातली काठी जमिनीत दाबत होते.

“मागं तूच सांगितलंस की, सुदारतंय म्हणून.”

“तवा उंची घातली न्हवती, तात्या.”

“आन घातल्यावर?”

“वरच्यांचं सुदारतंय.”

“आमचं?”

ती बांधावरचं ढेकूळ फोडत राहिली. मानसिंगनी पुन्हा विचारलं, ह्या वेळी सुभेदाराच्या आवाजात.

“आमचं किती म्हणतंय तुजं मशीन?”

“काय बी न्हाई. पाइप घाला, नका घालू, सारकंच हाय.”

वारा सुटला होता. पांढरी धूळ उठून दोघांच्या अंगावर आली. मानसिंगनी नदीकडं पाहिलं. मग वळून तिच्याजवळ आले, खाली बसले, आणि लहान मुलानं विचारावं तसं त्यांनी विचारलं.

“त्यो उंचीचा रकाना काढून टाकला तर चालत न्हाई व्हय?”

“सर बी तेच म्हणत्यात, तात्या. काढल्यावर आकडा चांगला येतोय. पर रान हाय तितंच ऱ्हातंय.”

“सर म्हणत्यात न्हवं?” त्यांचा चेहरा एकदम उजळला. “मग झालं तर. ती एवढी शिकल्याली मानसं. तू आजून शिकतीयास.”

आणि ते उठून काठ्या रोवायला गेले.

संघाची मोठी सभा देवळासमोरच्या मंडपात भरली. पाइपाच्या कंपनीचा माणूस आला होता. त्यानं डॉक्टर सुमंतांनाही गाडी पाठवून आणलं होतं. पडद्यावर शिवांजलीचेच ठिपके होते, त्यांतून गेलेली एक देखणी रेघ होती, आणि खाली आधी सुमंतांचं नाव, मग तिचं. सर सोप्या भाषेत छान बोलले. त्यांनी कुठलीही थाप मारली नाही. सरासरी एवढी वाढ दिसते, असंच म्हणाले. टाळ्या पडल्या. पहिल्या ओळीत मानसिंग कडक इस्त्रीचा सदरा घालून बसले होते.

शिवांजली बायकांच्या बाजूनं उभी राहिली. 

“मला थोडं सांगायचंय,” ती म्हणाली. “ही माहिती मी गोळा केलीय. ह्याच्यात रानाची उंची धरलेली न्हाई. वरच्या रानांना फायदा हुईल. पर नदीकडंच्या मळीतलं पाणी भायेर जाणारच न्हाई. उलट वरचं खारं पाणी त्याच वड्यातनं खाली येईल. खालच्यांनी पाइप घालायच्या आदी...”

“आगं, सरांपरीस तुला जास्त कळतंय व्हय?” मागनं कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला.

भाऊसोंनी हात वर करून हशा थांबवला. ते समजूतदारपणे म्हणाले, “पोरी, खालची मानसं संगं आली न्हाईत तर वड्याला पाणी सोडाय संमती कोण देणार? समद्यांचं मिळून हाय हे. आसं फाटं फोडू ने.”

शिवांजलीनं सुमंतांकडं पाहिलं. ते आपल्या कागदांकडं बघत होते. मग तिनं वडिलांकडं पाहिलं. मानसिंगची मान ताठ होती आणि कानशिलं लाल झाली होती. ते मागं न वळता बोलले, पण सगळ्या मंडपाला ऐकू गेलं.

“शिवा, खाली बस.”

ती खाली बसली. शेजारी हरणाबाई होती. सत्तरीची विधवा, मळीत तिचा एकच तुकडा. तिनं हळूच विचारलं, “बाई, म्हंजे मी घालू का नको?” शिवांजली म्हणाली, “नका घालू, आजी.” हरणाबाईनं मान हलवली. आणि सगळ्यांबरोबर तिनंही संमतीच्या कागदावर अंगठा उमटवला, कारण एकटीनं मागं राहून गावात कसं राहायचं?

उन्हाळ्यात जेसीबी आले. शिवारभर चर खणले गेले, काळे पाइप त्यांत झोपवले गेले, चर बुजवले गेले. मानसिंग दिवसभर उन्हात उभे राहून उतार तपासायचे, मजुरांना ताक पाजायचे. त्या वर्षी पाऊस बेताचा झाला आणि वरच्या अंगाच्या रानांतून खरोखरच खारं पाणी वाहायला लागलं. भाऊसोंच्या माळावर ऊस कमरेला लागला, मग छातीला लागला. जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात फोटो आला. डॉक्टर सुमंतांचा शोधनिबंध छापून आला आणि त्याचं कौतुकही झालं. सरासरी वाढली होती. मॉडेलनं सांगितलं होतं जवळपास तेवढीच.

खाली नदीकडं मात्र ओढ्यात पाणी मावेना. वरून आलेलं सगळं खारं पाणी मळीच्या तोंडाशी तुंबलं. दुसऱ्या पावसाळ्यात कृष्णा फुगली, ओढा उलटा फिरला आणि पाणी पाइपांच्या तोंडातून आत घुसून रानाच्या पोटात गेलं. पूर ओसरल्यावर मळी अशी झाली की पूर्वी निदान गुडघ्याएवढा ऊस यायचा, आता हराळीसुद्धा येईना. हरणाबाईनं तिकडं जायचंच सोडलं. दिग्विजय पुण्याला एका गोदामात कामाला गेला.

शिवांजलीला वाटलं होतं, आता तरी तात्या आपल्याशी बोलतील. ती दिवाळीला घरी आली. मानसिंग ओसरीवर बसले होते. दाढी वाढलेली. फौजेत गेल्यापासून त्यांनी एक दिवस दाढी चुकवली नव्हती. ती शेजारी जाऊन बसली.

“तात्या, खालच्या बाजूला आता चर बुजवून...”

“तू त्या दिशी उटाय नगं हुतं,” ते म्हणाले.

तिला आधी समजलंच नाही.

“सभेत उटलीस, खाली काय फायदा न्हाई म्हणालीस. कंपनीच्या मानसानं ऐकलं. मग खालच्या अंगाचं काम त्येंनी कशाला मन लावून करावं? उतार धरला न्हाई. मी उबा हुतो, पर एकटा किती बगणार?” त्यांचा आवाज चढलेला नव्हता. शांतपणे, विचार करून ठरवलेलं ते बोलत होते. “वरचं झालं. खालचंच कसं न्हाई झालं? तुज्या तोंडानं आदीच मारून टाकलंस रान.”

तिची आई, मनुबाई, आतून ऐकत होती. ती दारात आली आणि म्हणाली, “आवं, काय बोलताय पोरीला?” मानसिंग उठून परसात निघून गेले.

त्यानंतर त्यांनी लेकीशी बोलणं टाकलं. ती आली की ते उठून बाहेर जायचे. फोन मनुबाईच घ्यायची. त्यांनी एकट्यानंच फावड्यानं मळीतले काही पाइप उकरून नव्यानं उतार धरला, मग थकून सोडून दिलं. सांगलीत सुमंत निवृत्त झाले. नव्या मार्गदर्शकांनी सांगितलं की प्रबंध सरांच्या छापील निबंधाशी जुळता हवा, नाहीतर परीक्षक प्रश्न विचारतील. शिवांजलीनं दोनदा लिहायला घेतलं. दोन्ही वेळा उंचीचा रकाना काढण्याच्या जागी येऊन तिचा हात थांबला. मुदत सरली, नोंदणी रद्द झाली. कुणी तिला काढलं नाही, कुणी भांडलं नाही. साताऱ्यात इकॉनॉमेट्रिक्सच्या पेपरला मुलं कमी पडायला लागली, तो पर्यायी झाला, आणि एका वर्षी कुणीच तो निवडला नाही. आता ती पहिल्या वर्षाला भारतीय अर्थव्यवस्थेची ओळख शिकवते, तीही तासिका मिळतील तेवढीच.

एक काम मात्र तिनं सोडलं नाही. वर्षातून एकदा गावी आली की ती एकटीच मळीत जायची, चार ठिकाणची माती घ्यायची आणि सांगलीच्या प्रयोगशाळेत देऊन यायची. कशासाठी, ते तिला सांगता आलं नसतं. क्षारता वाढत चालली होती. आता तर ती अशा ठिकाणी पोचली होती की जिथनं रान परत येत नाही, निदान एका माणसाच्या आयुष्यात तरी नाही.

ह्या वर्षी ती अहवाल घेऊन सांगलीहून थेट घरी आली. मानसिंग ओसरीवरच होते. खूप थकले होते. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेला झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. ती नेहमीसारखी न बोलता आत निघाली तर त्यांनी तिच्या हातातल्या लिफाफ्याकडं पाहिलं.

“शिवा.”

कितीतरी दिवसांनी त्यांनी तिला हाक मारली होती. ती उंबऱ्यातच थांबली.

“औंदा किती आलं?”

त्यांचा चेहरा वर उचललेला होता. त्या चेहऱ्यावर राग नव्हता, हट्ट नव्हता. नळीचं टोक धरून लांब उभे राहायचे तेव्हा असायची तशी नुसती वाट बघण्याची तयारी होती. शिवांजलीनं लिफाफा छातीशी धरला. ज्या पोरीनं भरल्या सभेत उभं राहून एक वगळलेला रकाना लपू दिला नव्हता, तिच्या तोंडून शब्द निघाले ते असे:

“थोडं कमी झालंय, तात्या.”

“कमी?”

“व्हय. लय न्हाई. पर कमी हाय.”

मानसिंगनी मान डोलवली. मग हलकेच हसले आणि म्हणाले, “मी म्हणत हुतो न्हवं? उतार नीट धरला तर उतरतंय ते.” त्यांनी तिला शेजारी बसवून घेतलं. किती दिवस राहणार, साताऱ्यात जेवायचं काय करतेस, असं कायकाय विचारलं. पोरीच्या पाठीवरून हात फिरवला. मग उठले, कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि वहाणा पायात सरकवून बाहेर पडले. धड दिसत नव्हतं तरी सवयीच्या वाटेनं ते झपाझप मळीकडं निघाले.

मनुबाई दारात उभी होती.

“खरंच कमी झालंय?”

शिवांजलीनं नकारार्थी मान हलवली.

मनुबाईनं लेकीकडं बघितलं, मग रस्त्याकडं. “आता परत खणत बसत्याल ते,” ती म्हणाली. “वरीसभर.”

“मला ठावं हाय, आई.”

 मनुबाई आत गेली, परातीत पीठ घेतलं आणि दुपारी रानात पाठवायची भाकरी थापायला बसली. शिवांजली ओसरीवर तशीच बसून राहिली. वाटेवर तात्या आता दिसत नव्हते.